उलटलेल्या मुदतींचा जाब कोणी द्यावयाचा?

जून १९९३ मध्ये व्हिएन्ना येथे जागतिक मानवी हक्क परिषद भरली होती. तिच्या घोषणापत्रात एक शिफारस होती. मानवी हक्कांचे संवर्धन व संरक्षण कोणकोणत्या उपायांनी अधिक चांगले करता येईल हे सांगणारा राष्ट्रीय कृती आराखडा तयार करणे इष्ट आहे काय, याचा विचार प्रत्येक राष्ट्राने करावा, अशी ती शिफारस. भाषा मुत्सद्द्यांची होती. आराखडा कराच, असा आग्रह तीत नव्हता. तथापि त्यानंतर अनेक देशांनी असे आराखडे तयार केले. ते मोडल्यास जाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न मात्र बहुतेक ठिकाणी अनुत्तरितच राहिला.

योगायोग असा की, ही परिषद सुरू होण्यापूर्वी अवघे नऊ दिवस, ५ जून १९९३ रोजी, भारताच्या राष्ट्रपतींनी एका कायद्यास संमती दिली होती. माणसाकरवी मैला उचलून घेण्यास आणि पाटीचे संडास बांधण्यास बंदी करणारा तो कायदा होय. या देशात मानवी हक्कांचा याहून मूलभूत प्रश्न शोधून सापडणार नाही. एका माणसाने दुसऱ्याची विष्ठा हाताने उचलावी आणि ती कोणी उचलावयाची हे जन्माने ठरावे, ही गोष्ट राज्यघटनेच्या पहिल्या पानाशीच विसंगत आहे. यास्तव राष्ट्रीय आराखड्याचे उत्तरदायित्व म्हणजे काय, हे पाहावयाचे तर याच प्रश्नाचा गेल्या तीन दशकांचा हिशेब मांडून पाहणे योग्य होईल.

समित्यांची परंपरा

हा प्रश्न १९९३ साली प्रथमच लक्षात आला असे नव्हे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम करण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेल्यावर त्यांनी अन्नत्याग केला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण केले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, तत्कालीन मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला आणि १९५५ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यातील प्रमुख शिफारशी सर्व राज्यांना धाडल्या. १९५७ साली मलकानी समिती आली. तिने १९६० मध्ये अहवाल दिला. पुढे राष्ट्रीय श्रम आयोगानेही या प्रश्नात लक्ष घातले.

या समित्यांची विद्वत्ता वा कळकळ यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या शिफारशी म्हणजे सल्ला होता. तो मानला नाही म्हणून कोणत्याही नगरपालिकेचे अनुदान थांबले नाही वा कोणत्याही मुख्याधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला नाही. सल्ला न मानण्याची किंमत शून्य असेल तर तो न मानणे हेच सोयीचे ठरते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात काही नवे वाटणार नाही.

१९९३ च्या कायद्याने हे चित्र पालटावयास हवे होते. महाराष्ट्र व गोवा यांच्यासह सहा राज्यांना आणि सर्व केंद्रशासित प्रदेशांना तो प्रथमपासूनच लागू व्हावयाचा होता. प्रत्यक्षात तो अमलात आला २६ जानेवारी १९९७ रोजी. म्हणजे संमतीनंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने. शिक्षा होती एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. परंतु खटला भरावयाचा तर नियुक्त कार्यकारी प्राधिकाऱ्याची, म्हणजे जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याची, पूर्वसंमती आवश्यक होती. ज्या प्रशासनाच्या हद्दीत हे काम चालू होते, त्याच प्रशासनाच्या संमतीवाचून न्यायालयाचे दार उघडत नव्हते. या व्यवस्थेत कायदा कपाटात राहिला तर आश्चर्य कसले?

मुदतींचा प्रवास

दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात नियोजन आयोगाने या प्रथेच्या संपूर्ण निर्मूलनासाठी राष्ट्रीय कृती आराखडा तयार केला. त्यात २००७ ही मुदत होती. २००७ साल उजाडले तेव्हा प्रथा संपली नव्हती. त्या वर्षीच्या जानेवारीत पुनर्वसनाची नवी स्वयंरोजगार योजना सुरू झाली आणि मुदत मार्च २००९ झाली. तीही टळली व मार्च २०१० ठरली. २०१३ साली संसदेने अधिक व्यापक असा दुसरा कायदा केला. तो अमलात आणण्यासाठी ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस निवडला गेला. प्रतीक उचित होते, परंतु केवळ प्रतीकाने गटारात उतरणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारा वायू थांबत नाही.

मुदत उलटणे हा काही अक्षम्य अपराध नव्हे. मोठ्या कामांत अडचणी येतात, अंदाज चुकतात. पण मुदत उलटली की तीन गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत : काम किती झाले, का अडले आणि अडण्यास जबाबदार कोण. या तीन उत्तरांविना दिलेली मुदतवाढ म्हणजे कर्ज बुडाल्याची नोंद न करता खतावणीचे पान उलटणे होय. व्यापारी असे करू लागला तर त्याचे दिवाळे निघते. शासनाचे दिवाळे निघत नाही. दिवाळे निघते ते ज्याच्या नावावर ती मुदत होती त्या माणसाचे.

यावर देखरेख ठेवण्यासाठी निर्माण झालेल्या राष्ट्रीय सफाई कर्मचारी आयोगाची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. १९९४ साली कायद्यान्वये स्थापन झालेला हा आयोग २००४ साली त्या कायद्याची मुदत संपल्यावर वैधानिक राहिला नाही. तेव्हापासून शासनाच्या निर्णयाने त्याला मुदतवाढ मिळत आली आहे. अलीकडची, २०२५ साली दिलेली, मार्च २०२८ पर्यंतची आहे. मुदती पाळल्या जातात की नाही हे ज्याने पाहावयाचे, तो स्वतःच मुदतवाढीवर जगतो. अशा प्रहरेकऱ्याने आपल्याच अन्नदात्यावर किती कठोर व्हावे, ही अपेक्षाही मर्यादितच असणार.

मोजणी कोणाच्या हाती?

आराखड्याच्या उत्तरदायित्वाचा पाया मोजणीत असतो. प्रश्न किती मोठा आहे हेच ठरले नाही तर तो किती सुटला हे कसे ठरणार? या बाबतीतले आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. २००२-०३ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या हिशेबाने मैला उचलण्याचे काम करणाऱ्यांची संख्या ६ लाख ७६ हजार होती. २०११ च्या जनगणनेत माणसाकरवी मैला काढला जाणारे ७ लाख ९४ हजार संडास आढळले. त्याच वर्षीच्या सामाजिक, आर्थिक व जातीय गणनेत १ लाख ८० हजारांहून अधिक ग्रामीण कुटुंबे या कामावर पोट भरत असल्याची नोंद झाली. त्यांत ६० हजारांहून अधिक कुटुंबांसह महाराष्ट्र आघाडीवर होता. आणि नव्या कायद्यानंतर, २०१३ व २०१८ साली, झालेल्या अधिकृत पाहण्यांत साऱ्या देशात मिळून ठरलेली संख्या होती ५८,०९८. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील ६,३२५ आले.

पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्यात एका गणनेत साठ हजारांहून अधिक कुटुंबे आणि दुसऱ्या पाहणीत सहा हजारांच्या घरात माणसे! व्याख्या वेगळ्या, पद्धती वेगळ्या, हे मान्य. पाटीचे संडास या काळात मोठ्या प्रमाणावर कमी झाले, २०१४ नंतरच्या शौचालय मोहिमेत अनेकांचे रूपांतरही झाले, हेही प्रांजळपणे मान्य करावयास हवे. तरीही एवढी तफावत केवळ प्रगतीने पडत नाही. तिचे कारण मोजणाऱ्याच्या हितसंबंधात शोधले पाहिजे. कायद्याने जे काम गुन्हा ठरविले, ते आपल्या हद्दीत चालू आहे असे नगरपालिकेने वा जिल्ह्याने लिहून देणे म्हणजे स्वतःच्या कसुरीची कबुली देणे होय. ज्याला कबुलीने तोटा होतो त्याच्याच हाती मोजणीची पेन्सिल दिली तर आकडा कोणत्या दिशेने झुकेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मृत्यूंची मोजणीही याला अपवाद नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत शासनाने सांगितले की, हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी संसदेतच असेही सांगण्यात आले होते की, ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या पाच वर्षांत गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करताना ३४० माणसे मरण पावली. दोन्ही विधाने कागदोपत्री खरी ठरतात, कारण कायद्यात ‘हाताने मैला साफ करणे’ आणि ‘गटार व टाकीची धोकादायक सफाई’ असे दोन वेगळे रकाने आहेत. टाकीत गुदमरून मेलेल्या माणसाच्या विधवेस आपला नवरा कोणत्या रकान्यात मेला याने काय फरक पडतो? आराखड्याच्या हिशेबात मात्र पडतो. पहिला रकाना शून्य झाला की उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर करता येते.

किंबहुना प्रश्नाचे स्वरूपच बदलले आहे. पाटीच्या संडासांची जागा जेथे टाकीच्या संडासांनी घेतली, तेथे त्या टाक्या उपसण्याचे काम वाढले. भुयारी गटारांचे जाळे आणि मैला ओढणारी यंत्रे त्या वेगाने वाढली नाहीत. माणूस पाटीतून सुटला व टाकीत उतरला. जुन्या व्याख्येला चिकटून राहिलेला आराखडा हे संक्रमण पाहूच शकत नाही.

खर्च आणि फलित

आपल्याकडे योजनेचे यश खर्चाच्या आकड्याने मोजण्याची सवय आहे. १९९२ साली सुरू झालेल्या मुक्ती व पुनर्वसन योजनेवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००३ साली दिलेला अहवाल या सवयीवर चांगला प्रकाश टाकतो. दहा वर्षे आणि ६०० कोटींहून अधिक रुपये खर्ची पडूनही योजना आपली उद्दिष्टे गाठण्यात अयशस्वी ठरली, असा त्याचा निष्कर्ष होता. पैसा उपलब्ध असूनही बराचसा अखर्चित राहिला, देखरेखीसाठी नेमलेल्या समित्या निष्क्रिय राहिल्या, ‘मुक्त’ झालेल्यांचेच पुनर्वसन झाले याचा पुरावा नव्हता आणि १९९३ च्या कायद्याचा वापर क्वचितच केला गेला, असेही त्यात नमूद होते.

हा अहवाल म्हणजे उत्तरदायित्वाच्या एका अंगाचा उत्तम नमुना होय. स्वतंत्र यंत्रणेने हिशेब तपासला व निष्कर्ष निर्भीडपणे मांडला. पण तपासणी हे अर्धेच उत्तरदायित्व. उरलेला अर्धा भाग, म्हणजे निष्कर्षाचा परिणाम, कोठे दिसला? अहवालाच्या मागोमाग आलेल्या २००७ च्या मुदतीचे काय झाले, ते वर आलेच आहे. लेखापरीक्षकाने चूक दाखवावी, विभागाने ‘नोंद घेतली’ असे लिहावे आणि पुढच्या वर्षी तीच चूक नव्या नावाने व्हावी, हे चक्र आपल्या सार्वजनिक जीवनाच्या परिचयाचे आहे.

अपयशाची किंमत

हे चक्र काही अंशी तरी भेदले ते न्यायालयाने. सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने व इतरांनी डिसेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. आमच्या हद्दीत ही प्रथा नाही, अशी उत्तरे राज्यांकडून येत राहिली. याचिकाकर्ते पुरावे सादर करीत राहिले. दहा वर्षांहून अधिक काळानंतर, २७ मार्च २०१४ रोजी, निकाल लागला. १९९३ पासून गटारांत व टाक्यांत मरण पावलेल्या सर्वांची कुटुंबे शोधून प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाखांवर नेण्यात आली.

महाराष्ट्रात या आदेशाचा अर्थ काय झाला, ते मुंबईतील एका प्रकरणात दिसले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथील एका खासगी गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. भरपाई शासनाने प्रथम द्यावी व मग ती नियोक्त्याकडून वसूल करावी, असे न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ठरविले. अपयशाला प्रथमच रुपयांत मोजता येईल अशी किंमत आली. मात्र ती किंमत सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्याकडून, जाते. ज्या अधिकाऱ्याने यंत्राची मागणी कधी नोंदविलीच नाही, ज्या ठेकेदाराने दोर आणि बादली देऊन माणूस खाली सोडला, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतेच असे नाही.

केंद्रीय मंत्रालयाने स्वतःच करविलेल्या एका सामाजिक अंकेक्षणाचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये संसदेपुढे आले. आठ राज्यांतील, २०२२ व २०२३ मधील, ५४ मृत्यू त्यात तपासले गेले. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही सुरक्षा साधन नव्हते. तीस वर्षे कायदा असताना, ‘नमस्ते’ या नव्या योजनेसाठी २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांकरिता सुमारे ३५० कोटी रुपयांची तरतूद असताना, माणूस उघड्या अंगाने टाकीत उतरत होता. शासनाने हे अंकेक्षण करविले व संसदेपुढे मांडले, याचे स्वागत करावे. पण प्रश्न तोच आहे : यानंतर कोणाला काय विचारले गेले?

रोजगार हमीचा धडा

महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर परकीय ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात रूपांतरित झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. त्या कायद्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्या खर्चासाठी व्यवसायकरासारखे करांचे उत्पन्न बांधून दिलेले होते. नोकरदार मध्यमवर्गाच्या वेतनातून दरमहा होणारी ती कपात अनेकांना आठवत असेल. काम मागणाऱ्यास ठरलेल्या दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन होते. म्हणजे वचन, त्यासाठी पैसा, मुदत आणि मुदत चुकल्यास दंड, या चारही गोष्टी एकाच कायद्यात होत्या.

ही योजना निर्दोष होती असे म्हणण्याचा हेतू नाही. भत्ता क्वचितच दिला गेला आणि हजेरीपटावरील खोट्या नावांच्या कथाही सर्वश्रुत आहेत. परंतु भत्त्याचे कलम होते म्हणूनच तहसील कचेरीवर मोर्चा नेणारी शेतमजूर स्त्री दान मागत नव्हती, येणे मागत होती. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने त्यात ग्रामसभेकडून होणाऱ्या सामाजिक अंकेक्षणाची भर घातली; म्हणजे मोजणीची पेन्सिल, निदान कायद्याने तरी, काम करणाऱ्याच्या हाती दिली. मानवी हक्कांच्या कोणत्याही राष्ट्रीय आराखड्याला हीच कसोटी लावावयास हवी.

जवळचे प्रश्न

ही कसोटी लावण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असावयास हवी आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावयास हवी. माहितीच्या अधिकाराखाली साधा अर्ज करून कोणाही नागरिकास विचारता येईल : आपल्या जिल्ह्याच्या समितीच्या गेल्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या? त्यांची इतिवृत्ते कोठे आहेत? आपल्या नगरपालिकेकडे टाकी उपसणारी यंत्रे किती, आणि त्यांपैकी चालू स्थितीत किती? मृत्यू झाला असल्यास भरपाई कोणत्या तारखेस दिली व ती कोणाकडून वसूल केली?

शिक्षकाला, कारकुनाला, महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. त्याच्याही घराखाली टाकी आहे आणि ती कोणी तरी उपसतो. सोसायटीच्या सभेत सर्वांत कमी दराचा ठेका हात वर करून मंजूर होतो, तेव्हा तो दर इतका कमी का आहे हे विचारणारा एकही सभासद नसेल, तर राष्ट्रीय आराखडा त्या सभेतच मोडलेला असतो. व्हिएन्नाच्या परिषदेला आणि १९९३ च्या कायद्याला तीन दशके उलटून गेली. या काळात मुदती दिल्लीत ठरल्या, दिल्लीतच वाढल्या आणि त्यांची किंमत मात्र टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने मोजली. हा व्यवहार उलटा झाल्यावाचून, म्हणजे वचन देणाऱ्यास वचनभंगाची झळ लागल्यावाचून, पुढच्या आराखड्याची मुदतही मागच्या मुदतींच्याच वाटेने जाईल.